रोहिणी तारा मोबाइलने कसा शोधायचा? पनवेलच्या आकाशातल्या नारंगी राक्षसी ताऱ्याची संपूर्ण माहिती

रोहिणी हे नाव आपल्या घरात सतत कानावर पडतं. कालनिर्णयच्या रोजच्या चौकोनात ते छापलेलं असतं, कुणाच्या तरी पत्रिकेत असतं, आणि मे महिना संपत आला की गावाकडून फोन येतो, "रोहिणीचा पाऊस पडला का तुमच्याकडे?" पण हीच रोहिणी आकाशात कुठे आहे असं विचारलं तर बहुतेकांना बोट दाखवता येत नाही. खरं तर ती दाखवायला फार सोपी आहे. मी पनवेलमध्ये राहतो. हायवेचे दिवे, स्टेशनचे दिवे, नव्या टॉवरचे दिवे आणि आता विमानतळाचे दिवे, एवढं सगळं असूनही रोहिणी माझ्या बिल्डिंगच्या गच्चीवरून साध्या डोळ्यांनी दिसते.

आजच्या लेखात आपण हा तारा नेमका काय आहे, तो नारंगी का दिसतो, पनवेलमधून कोणत्या महिन्यात किती वाजता बघायचा, मोबाइल ॲप कसं वापरायचं आणि ते कुठे चुकतं, फोटो कसा काढायचा, हे सगळं बघणार आहोत. चला तर मग, सुरू करूया.

एक नाव, तीन अर्थ

आधी एक गोंधळ दूर करू. मराठीत "रोहिणी" म्हणताना आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतो.

पहिला अर्थ म्हणजे तारा. वृषभ राशीतला सगळ्यात तेजस्वी, नारंगी रंगाचा तारा. इंग्रजीत आणि ॲपमध्ये याचं नाव अल्डेबरान असं येतं. हे नाव मूळ अरबी असून त्याचा अर्थ "मागून येणारा". कृत्तिकांचा पुंजका उगवला की त्याच्या मागोमाग हा उगवतो, म्हणून ते नाव. आपल्या "रोहिणी" शब्दात मात्र रंग आहे. रोहिणी म्हणजे लालसर.

दुसरा अर्थ म्हणजे नक्षत्र. चंद्राच्या वाटेचे २७ सारखे भाग केले, तर एकेक भाग १३ अंश २० कलांचा होतो. त्यातल्या चौथ्या भागाला रोहिणी नक्षत्र म्हणतात, कारण हा तारा त्या भागात येतो. कॅलेंडरमध्ये "आज नक्षत्र रोहिणी" लिहिलेलं असतं तेव्हा त्याचा अर्थ एवढाच, की आज चंद्र त्या भागात आहे.

तिसरा अर्थ म्हणजे पावसाचं नक्षत्र. दरवर्षी साधारण २५ मे ते ७ जून या दिवसांत सूर्य त्या भागात असतो. शेतकरी "रोहिणी नक्षत्र लागलं" म्हणतात ते हे दिवस. त्यानंतर मृग लागतो.

आता गंमत बघा. ज्या दिवसांत रोहिणीचं नाव सगळ्यात जास्त घेतलं जातं, नेमक्या त्याच दिवसांत रोहिणी तारा दिसत नाही! कारण तेव्हा सूर्य त्याच्याच दिशेला असतो. ३१ मे किंवा १ जूनच्या सुमारास तर सूर्य आणि रोहिणी आकाशात सर्वात जवळ असतात. म्हणजे तारा दिवसा आपल्या डोक्यावरून जातो आणि उन्हात हरवतो. म्हणून रोहिणी बघायची तर मेमध्ये नाही, थंडीत बघायची.

रोहिणी ताऱ्याची थोडक्यात माहिती

- प्रकार: नारंगी राक्षसी तारा
- रास: वृषभ
- अंतर: सुमारे ६५ प्रकाशवर्षं
- पृष्ठभागाचं तापमान: सुमारे ३,९०० केल्विन
- व्यास: सूर्याच्या सुमारे ४५ पट
- वस्तुमान: सूर्यापेक्षा थोडंसंच जास्त
- एकूण प्रकाश: सूर्याच्या ४०० पटींहून जास्त
- दिसण्यातली तेजस्विता: पहिल्या प्रतीचा तारा, रात्रीच्या आकाशातल्या सर्वात तेजस्वी पंधरा ताऱ्यांपैकी एक

६५ प्रकाशवर्षं म्हणजे आज रात्री तुमच्या डोळ्यात शिरणारा रोहिणीचा प्रकाश साधारण ६५ वर्षांपूर्वी तिथून निघालेला आहे. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं, त्याच सुमाराचा हा प्रकाश समजा.

रंग नारंगी का? बल्बचा बॉक्स बघा

एलईडी बल्ब विकत घेताना बॉक्सवर ३००० के, ४००० के, ६५०० के असे आकडे असतात. हा "के" म्हणजे केल्विन, तापमान मोजायचं एकक. ३००० के वाला बल्ब पिवळसर, ४००० के वाला मधला आणि ६५०० के वाला निळसर पांढरा. मोबाइलच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये वॉर्म आणि कूल असे पर्याय असतात, त्यामागेही हेच गणित आहे.

हे आकडे आले कुठून? एखादी वस्तू तापवली की आधी लाल होते, मग नारंगी, मग पिवळसर, मग पांढरी आणि शेवटी निळसर. लोहाराच्या भट्टीत हेच दिसतं. ताऱ्यांचंही तसंच. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,८०० केल्विन, व्याधाचा तारा १०,००० केल्विनच्या आसपास म्हणून निळसर पांढरा, आणि रोहिणी ३,९०० केल्विन म्हणून नारंगी. एक लक्षात ठेवा, बल्बच्या बॉक्सवर "कूल" लिहिलेला निळसर रंग ताऱ्यांच्या जगात जास्त गरम असतो.

मग ४००० के चा बल्ब आपल्याला नारंगी का वाटत नाही? कारण खोलीत तो एकटाच असतो आणि आपला मेंदू त्यालाच पांढरा धरून चालतो. आकाशात मात्र रोहिणीच्या शेजारी तुलनेला निळसर पांढरे तारे असतात. म्हणून रंग बघायची एक युक्ती सांगतो. आधी व्याधाकडे दहा सेकंद बघा, मग रोहिणीकडे. फरक लगेच कळतो. आणि हे तारा वर चढल्यावरच करा. क्षितिजाजवळ असताना कोणताही तारा धुळीतून आणि जाड हवेतून लालसरच दिसतो.

राक्षसी का म्हणतात?

ताऱ्याच्या पोटात हायड्रोजनचं हेलियम होत असतं आणि त्यातून ऊर्जा मिळते. सूर्य सध्या हेच करतोय. रोहिणीच्या गाभ्यातलं हायड्रोजन संपलेलं आहे. आता ते जळतंय गाभ्याच्या भोवतीच्या थरात. त्यामुळे तारा बाहेरच्या बाजूने फुगला आणि फुगल्यामुळे त्याचा पृष्ठभाग थंड झाला. थंड म्हणजे ताऱ्याच्या मानाने थंड!

थंड असूनही तो सूर्याच्या ४०० पट प्रकाश कसा देतो? हिशोब सोपा आहे. व्यास ४५ पट, म्हणजे पृष्ठभागाचं क्षेत्रफळ ४५ गुणिले ४५, सुमारे २,००० पट. तापमान कमी असल्यामुळे प्रत्येक चौरस मीटरमधून सूर्याच्या फक्त पाचव्या भागाएवढी ऊर्जा निघते. २,००० भागिले ५ म्हणजे ४००. झालं!

सूर्याच्या जागी रोहिणी ठेवली तर ती बुधाच्या कक्षेच्या साधारण निम्म्यापर्यंत पोचेल, आणि पनवेलच्या आकाशात तिची रुंदी सुमारे २४ अंश असेल. हात लांब करून दोन मुठी शेजारी ठेवल्या तरी ती पूर्ण झाकली जाणार नाही. सूर्य झाकायला करंगळीचं टोक पुरतं.

आणि ही फक्त दुसऱ्या कुणाची गोष्ट नाही. रोहिणीचं वस्तुमान सूर्यापेक्षा फार वेगळं नसल्यामुळे सूर्याचंही पुढे जवळपास असंच होणार आहे. फक्त त्याला अजून सुमारे ५०० कोटी वर्षं आहेत, त्यामुळे निश्चिंत राहा.

पनवेलमधून कधी आणि कुठे बघायचं?

पनवेल सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि रोहिणी आकाशाच्या विषुववृत्ताच्या साडेसोळा अंश उत्तरेला. म्हणजे रोहिणी आपल्या जवळजवळ बरोबर डोक्यावरून जाते, फक्त अडीच अंश दक्षिणेकडून. समोर कितीही उंच टॉवर असला तरी रात्री कधीतरी ती त्याच्या वर येणारच. दिल्लीत किंवा लंडनमध्ये राहणाऱ्यांना ही सोय नाही.

ती उगवते पूर्वेला, पण किंचित उत्तरेकडे सरकून. पनवेलहून बघताना माथेरानच्या डोंगररांगेची दिशा धरायची आणि तिथून थोडं डावीकडे बघायचं. पनवेलसाठीच्या अंदाजे वेळा अशा:

- १ ऑक्टोबर: रात्री सव्वादहाच्या सुमारास उगवते
- १ नोव्हेंबर: रात्री सव्वाआठच्या सुमारास उगवते
- १ डिसेंबर: संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास उगवते, रात्री नऊला पूर्वेकडे ४० अंशांच्या आसपास वर, साडेबाराच्या सुमारास डोक्यावर
- १ जानेवारी: रात्री साडेदहाच्या सुमारास डोक्यावर
- १ फेब्रुवारी: रात्री साडेआठच्या सुमारास डोक्यावर
- १ मार्च: अंधार पडतानाच डोक्यावर
- १ एप्रिल: रात्री नऊला पश्चिमेकडे, ३० अंशांच्या थोडं खाली
- मे: संधिप्रकाशात हरवते
- जूनची अखेर: पहाटे पूर्वेला परत येते, पण पनवेलचा पाऊस तेव्हा आकाश बघू देत नाही

यातल्या मधल्या तारखांसाठी एकच नियम लक्षात ठेवा. कोणताही तारा रोज सुमारे ४ मिनिटं लवकर उगवतो, म्हणजे महिन्याला दोन तास. मोबाइल बंद पडला तरी हा नियम चालतो.

सगळ्यात सोयीचा काळ म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी, ढग नाहीत आणि रात्री जेवण झाल्यावर गच्चीत गेलात तरी काम होतं.

मोबाइल ॲप कसं वापरायचं?

आकाश दाखवणारी बरीच ॲप आहेत. त्यातली दोन फुकटात सुरुवात करायला चांगली. एक स्टेलॅरियम, ज्याची मोबाइलसाठी फुकट आवृत्ती मिळते. दुसरं स्काय मॅप, जे २००९ मध्ये गूगलने आणलं आणि २०१२ पासून ओपन सोर्स आहे. सर्चमध्ये इंग्रजी नाव टाकायचं, कारण "रोहिणी" टाकलं तर प्रत्येक ॲपला कळेलच असं नाही.

ॲपला कसं कळतं की मोबाइल कुठे रोखलाय? ते चार गोष्टी एकत्र करतं:

- जीपीएस: तुम्ही पृथ्वीवर कुठे आहात
- घड्याळ: आत्ता किती वाजलेत, म्हणजे आकाश कितपत फिरलंय
- ॲक्सेलरोमीटर: खाली कुठे आहे, म्हणजे मोबाइल किती अंश वर उचललाय
- मॅग्नेटोमीटर: उत्तर कुठे आहे, म्हणजेच होकायंत्र

जायरोस्कोप असेल तर मोबाइल हलवताना चित्र गुळगुळीत सरकतं. काही स्वस्त मोबाइलमध्ये जायरोस्कोप नसतो, काहींमध्ये मॅग्नेटोमीटरही नसतो. मॅग्नेटोमीटर नसेल तर ॲप आपोआप दिशा दाखवू शकत नाही. बोटाने नकाशा सरकवून मात्र वापरता येतं.

ॲप कुठे चुकतं?

उंचीचा कोन सहसा बरोबर असतो, कारण गुरुत्वाकर्षण सगळीकडे खालीच खेचतं. चूक होते दिशेत, कारण होकायंत्राला लोखंड आणि चुंबक फसवतात. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची लोखंडी शिडी, स्लॅबमधल्या सळ्या, लिफ्टची मशीनरूम, बाइक, कव्हरमधलं चुंबक, हे सगळे उमेदवार. दहा अंशांचा फरक सहज पडतो, म्हणजे हात लांब केल्यावर एक अख्खी मूठ. तेवढ्यात तुम्ही दुसऱ्याच ताऱ्याला रोहिणी समजून मोकळे होता.

उपाय असे:

- चुंबकाचं कव्हर काढा, लोखंडापासून चार पावलं लांब उभे राहा.
- मोबाइल हवेत इंग्रजी आठच्या आकारात तीन-चार वेळा फिरवा.
- लोकेशन बंद असेल तर हाताने भरा: १९ अंश उत्तर, ७३.१ अंश पूर्व.
- आधी चंद्र किंवा व्याध अशा ओळखीच्या गोष्टीवर ॲप रोखा. तिथे किती चुकतंय ते बघा, तेवढीच चूक रोहिणीजवळही धरा.
- ॲपमधला लाल रंगाचा नाइट मोड सुरू करा. पांढऱ्या स्क्रीनने डोळे दिपले की अंधाराला परत सरावायला वीसेक मिनिटं जातात.

आणि पनवेलकरांसाठी खास सूचना. तारा बरोबर डोक्यावर असताना ॲप वेड्यासारखं गरगरतं. त्यात मोबाइल खराब नसतो. डोक्यावरच्या बिंदूला पूर्व-पश्चिम असं काही नसतंच, त्यामुळे मोबाइल जरा जरी कलला तरी दिशा एकदम उलटी होते. रोहिणी तर आपल्या डोक्यावरूनच जाते. म्हणून ॲप वापरायचं ते तारा ३० ते ६० अंशांवर असताना. १ डिसेंबरला हे रात्री साडेआठ ते साडेदहा, आणि जानेवारीच्या सुरुवातीला साडेसहा ते साडेआठच्या सुमारास जमतं.

ॲपशिवाय कसं शोधायचं?

ही पद्धत एकदा शिकलात की ॲप लागणारच नाही. थंडीत रात्री पूर्वेकडे मृग नक्षत्र बघा. चार ताऱ्यांचा मोठा चौकोन आणि मध्ये एका ओळीत तीन तारे, म्हणजे मृगाच्या पोटात घुसलेला बाण. ही तीन ताऱ्यांची ओळ पनवेलमधूनही स्पष्ट दिसते.

आता ती ओळ दोन्हीकडे वाढवा. खाली, आग्नेयेकडे वाढवली की झगझगीत व्याध मिळतो. त्याच्या उलट, वर वायव्येकडे साधारण दोन मुठी गेलात की एक नारंगी तारा मिळतो. तीच रोहिणी. ओळ आणखी दीड मूठ पुढे नेली की कृत्तिकांचा छोटासा पुंजका.

मृगाच्या चौकोनाच्या कोपऱ्यातही एक नारंगी-लाल तारा आहे, काक्षी म्हणजे बीटलजूस. दोघांत गल्लत करू नका. काक्षी मृगाच्या चौकोनाचाच भाग आहे, रोहिणी चौकोनाच्या बाहेर, कृत्तिकांच्या बाजूला.

मोबाइलने फोटो कसा काढायचा?

तेजस्वी तारा असल्यामुळे रोहिणीचा फोटो साध्या मोबाइलनेही येतो. अडचण रंगाची असते. फोटोत ती पांढरा ठिपका होऊन येते, कारण मधले पिक्सेल प्रकाशाने भरून जातात आणि ऑटो व्हाइट बॅलन्स उरलेला रंग पुसतो. हे करून बघा:

- मोबाइल ट्रायपॉडवर किंवा कठड्यावर विटेला टेकवून ठेवा, तीन सेकंदांचा टायमर लावा.
- प्रो मोडमध्ये आयएसओ ८०० च्या आसपास, शटर ८ ते १० सेकंद. जास्त ठेवलात तर पृथ्वी फिरल्यामुळे तारा रेघेसारखा येतो.
- व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, डेलाइटवर म्हणजे ५५०० के च्या जवळ ठेवा.
- एक फोटो फोकस पूर्ण दूर ठेवून काढा. दुसरा फोकस मुद्दाम किंचित बिघडवून काढा.

दुसऱ्या फोटोत तारा छोट्या चकतीसारखा पसरतो, प्रकाश जास्त पिक्सेलवर वाटला जातो आणि नारंगी रंग उठून दिसतो. याच पद्धतीने व्याधाचा फोटो काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. बल्बच्या बॉक्सवरचं गणित तुमच्याच मोबाइलमध्ये दिसेल.

तुमचं आकाश किती काळोखं आहे? रोहिणीवरून ओळखा

रोहिणीच्या शेजारी चार फिकट तारे आहेत. तिच्यासकट त्यांचा इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार होतो. जुन्या ग्रंथांत यालाच रोहिणीचा शकट, म्हणजे गाडा म्हटलंय. "एखादा ग्रह रोहिणीचा गाडा फोडतो" याचा विचार सूर्यसिद्धान्तातही आहे. या गाड्यातले बाकीचे तारे रोहिणीचे शेजारी वाटतात, पण नाहीत. ते सुमारे १५० प्रकाशवर्षांवरचा एक तारकागुच्छ आहेत, रोहिणी निम्म्याहूनही अलीकडे आहे. आपल्याला फक्त एका रेषेत दिसतात.

हे चार तारे साडेतीन प्रतीच्या आसपासचे आहेत, म्हणून ते आकाशाची तपासणी करायला उपयोगी पडतात. चंद्र नसलेल्या रात्री वीस मिनिटं अंधारात थांबा आणि मोजा. पाचही दिसले, तर आकाश बऱ्यापैकी चांगलं. फक्त रोहिणी दिसली, तर दिव्यांनी बाकीचे खाल्ले.

माझ्या गच्चीवरून बहुतेक रात्री रोहिणी एकटीच दिसते. स्टेशनच्या बाजूला तर गाडा दिसतच नाही. पनवेलमध्ये वाढलेल्या आजच्या मुलाला "रोहिणीचा गाडा" हा शब्द का आला असेल हे आकाशाकडे बघून कळणार नाही. तारे कुठेही गेलेले नाहीत. आपण दिवे वरच्या दिशेने लावले म्हणून ते बुजले. प्रदूषणाच्या बाकीच्या प्रकारांपेक्षा याचं एक बरं आहे, दिवा खाली वळवला की त्याच रात्री फरक पडतो. सोसायटीच्या गच्चीवरचा फ्लडलाइट खाली तोंड करून लावणं किंवा अकरानंतर बंद ठेवणं, एवढं आपल्या हातात आहे. आकाश मोजायचंच असेल तर ग्लोब ॲट नाइट हा २००६ पासून चाललेला जागतिक उपक्रम आहे, त्यात मोबाइलवरूनच आपली नोंद पाठवता येते. आणि गाडा पूर्ण बघायचा असेल तर मुंबईची खगोल मंडळ ही संस्था वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम घेत आली आहे, तिथे बघता येईल.

चंद्र आणि रोहिणी

गोष्ट तुम्ही ऐकली असेल. दक्षाच्या २७ मुली चंद्राला दिल्या, चंद्र मात्र रोहिणीकडेच जास्त रमायचा, म्हणून दक्षाने शाप दिला आणि चंद्र झिजू लागला. यामागे आकाशातलं एक खरं दृश्य आहे. चंद्र दर २७ दिवसांनी रोहिणीजवळून जातो आणि काही वर्षं तर तिला चक्क झाकतो. याला पिधान म्हणतात. चंद्र झाकू शकेल असे पहिल्या प्रतीचे तारे चारच: रोहिणी, मघा, चित्रा आणि ज्येष्ठा.

जानेवारी २०१५ ते सप्टेंबर २०१८ या काळात चंद्राने रोहिणीला ओळीने ४९ वेळा झाकलं, जगाच्या वेगवेगळ्या भागांतून ते दिसलं. चंद्राची कक्षा १८.६ वर्षांत डोलून परत तिथे येते, त्यामुळे पुढची मालिका २०३३ मध्ये सुरू होईल. सध्या चंद्र रोहिणीच्या बराच उत्तरेकडून जातो, २०२९ पर्यंत तो कृत्तिकांच्या अंगावरून जातोय.

पिधानाचा उपयोगही झालाय. ११ मार्च ५०९ रोजी अथेन्समध्ये चंद्राने रोहिणीला झाकल्याची नोंद आहे. धूमकेतूवाल्या एडमंड हॅलेने १७१८ मध्ये जुन्या नोंदी तपासल्या, त्यात हीसुद्धा होती. त्याच्या लक्षात आलं की व्याध, स्वाती आणि रोहिणी आपल्या जुन्या जागेवर नाहीत. तारे स्थिर नसतात, सरकतात, हे माणसाला असं कळलं.

गोकुळाष्टमीलाही एक निरीक्षण करता येतं. श्रावण वद्य अष्टमीला अर्धा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो आणि तो रोहिणीच्याच आसपास असतो. कृष्णजन्माची वेळ मध्यरात्र आणि नक्षत्र रोहिणी सांगतात, ते दृश्य दरवर्षी पूर्वेला असतं. ढगांनी साथ दिली तर पाळणा झाल्यावर गच्चीत जाऊन बघा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रोहिणी तारा फुटणार आहे का?
नाही. अशा बातम्या काक्षीबद्दल असतात आणि फॉरवर्ड होता होता नावं बदलतात. रोहिणीचं वस्तुमान सूर्याच्या जवळपास आहे. ती बाहेरचे थर हळूहळू सोडून शेवटी श्वेतबटू होईल.

रोहिणीभोवती ग्रह आहे का?
२०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी गुरूच्या साडेसहापट वस्तुमानाचा ग्रह असल्याचं मांडलं होतं. २०१९ मधल्या अभ्यासाने त्यावर शंका घेतली, कारण राक्षसी तारे स्वतःच आकुंचन-प्रसरण पावतात आणि ग्रहामुळे होणाऱ्या हालचालीसारखाच संकेत देतात. त्यामुळे व्हिडिओत कुणी ठामपणे "ग्रह आहे" म्हणालं तर लगेच मानू नका.

मंगळ की रोहिणी, कसं ओळखायचं?
मंगळ अधूनमधून वृषभ राशीत येतो आणि रंगाने सारखाच वाटतो. रोहिणी लुकलुकते, मंगळाचा प्रकाश शांत असतो. एका आठवड्यात मंगळाची जागा बदललेली दिसते, रोहिणीची नाही.

तिथे कुणी यान पाठवलंय का?
मुद्दाम नाही. मार्च १९७२ मध्ये सुटलेलं पायोनियर १० हे यान गुरूला भेटून सूर्यमालेबाहेर निघालं, ते साधारण रोहिणीच्या दिशेने चाललंय. त्याचा शेवटचा क्षीण सिग्नल २३ जानेवारी २००३ ला मिळाला. तेवढं अंतर कापायला त्याला सुमारे २० लाख वर्षं लागतील.

दुर्बीण लागते का?
नाही. साधा बायनॉक्युलर असेल तर मात्र शहरातूनही गाड्याचे बाकीचे तारे दिसतात, नक्की बघा.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी कॅलेंडरमध्ये रोहिणी नाव दिसलं की ते कुठल्या अर्थाने आलंय ते तुम्हाला कळेल. आणि येत्या थंडीत घरातल्या कुणालातरी गच्चीवर घेऊन जा, मृगाच्या बाणावरून वर दोन मुठी मोजा आणि बोट दाखवून सांगा, ती बघ रोहिणी. मोबाइल तोवर खिशातच राहू द्या.